सेहेचाळीस नंबरची दाढ

“डॉक्टर, माणसाला दात बत्तीस. मग ही सेहेचाळीस नंबरची दाढ आली कुठून?”

उंब्रजचे एक निवृत्त गुरुजी मोबाईल माझ्या नाकापुढे धरून विचारत होते. आदल्या दिवशी त्यांच्या दाढेचं रूट कॅनल पुरं झालं होतं आणि संध्याकाळी त्यांच्या फोनवर त्याची नोंद गेली होती. जन्मभर पोरांच्या वह्या तपासलेला माणूस; त्यांनी तीही तपासली. चूक सापडल्याचा आनंद काही लपत नव्हता.

मी कागदावर अधिकचं चिन्ह काढलं. तोंडाचे चार भाग. वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. प्रत्येक भागात मधल्या दातापासून मागे मोजत जायचं, १ ते ८. आठवी अक्कलदाढ. म्हणजे ४६ ही चौथ्या भागातली सहावी, खालच्या उजव्या बाजूची पहिली मोठी दाढ. दुधाच्या दातांसाठी भाग ५ ते ८. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग सरळ ‘खालची उजवी मोठी दाढ’ असं लिहायला शाई जास्त लागते का?”

आम्ही दातांचे डॉक्टर आपसात तिला ‘फोर सिक्स’ म्हणतो. केसपेपरवर तेच, लॅबला कॅप करायला पाठवायच्या चिठ्ठीवरही तेच. पेशंटने तो आकडा वाचावा अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. केसपेपर दवाखान्याचा, पेशंटच्या हातात पडायची ती औषधांची चिठ्ठी आणि पुढची तारीख. आता तीच नोंद मोबाईलवर जाते म्हटल्यावर वाचणारा निराळा झाला. गुरुजी गेल्यावर आम्ही नोंदीत आकड्यापुढे मराठीत दाढेचं नाव लिहायला लागलो. शाई खरंच जास्त लागत नाही.

कराडात माझा दवाखाना. आता रोजचं बरंचसं काम माझी तरुण सहकारी बघते, आणि नोंदी मोबाईलवर पाठवायची टूम तिचीच. सॉफ्टवेअर विकायला आलेल्या पोराने तिचे फायदे सांगितले होते: पेशंट खूश, आठवणीचे मेसेज आपोआप, रिव्ह्यू चांगले येतात. मला त्यातलं काही फारसं पटलं नाही. मला पटायला दुसरं कारण होतं, आणि ते आमच्या भागातल्या माणसांच्या पायांत आहे.

पाटण, ढेबेवाडीकडची निम्मी घरं मुंबईवर चालतात. वाशीच्या मार्केटात माथाडी, घाटकोपर-भांडुपला खोली, गावाकडे म्हातारी माणसं. हे लोक यात्रेला गावी येतात, तेव्हाच नेमकी दाढ ठणकते, आणि आमच्याकडे रूट कॅनल सुरू होतं. पहिल्या बैठकीत नस काढून तात्पुरतं सिमेंट भरलं की ठणका थांबतो. ठणका थांबला की सुट्टीही संपते. “बाकीचं मुंबईत करून घेतो” म्हणून गडी एसटीत बसतो. उलटंही होतं. तिकडे सुरू झालेली दाढ पुढच्या यात्रेला माझ्याकडे येते, सिमेंट कधीच पडलेलं, आणि आत काय केलंय ते सांगायला कुणी नाही. दिवाळीच्या आसपास बीडकडून ऊसतोडीला आलेली जोडपी कारखान्याच्या तळावर उतरतात, तीही अशीच. उन्हाळ्याच्या तोंडाला परत जातात. त्यांच्या दाढेचं एक टोक एका जिल्ह्यात, दुसरं दुसऱ्यात.

अशा अर्ध्या राहिलेल्या दाढेपुढे बसलं की नोंद म्हणजे काय ते कळतं. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला मुळं तीन, पण कॅनल, म्हणजे मुळातल्या नसेच्या नळ्या, पुष्कळदा चार. चौथा इतका बारीक की आधीच्या डॉक्टरला तो मिळाला होता की नाही, हे माहीत असणं म्हणजे माझा अर्धा तास वाचणं. प्रत्येक कॅनलची लांबी मिलिमीटरमध्ये मोजलेली असते. ते आकडे कुठेतरी भांडुपच्या एका रजिस्टरमध्ये असतात. मी परत एक्स-रे काढतो, परत मोजतो, पेशंट परत पैसे देतो. एका दातापुरत्या एक्स-रेचं रेडिएशन अगदी किरकोळ असतं, त्याची भीती मी कुणाला घालत नाही. पण मजुरी बुडवून आलेल्या माणसाची जास्तीची फेरी किरकोळ नसते.

इम्प्लांटचं तर विचारूच नका. जबड्यात बसवायच्या त्या टायटॅनियमच्या स्क्रूबरोबर डबीत एक छोटं स्टिकर येतं: कंपनी, व्यास, लांबी, बॅच नंबर. आम्ही ते केसपेपरवर चिकटवतो. वरचा दात ज्या बारक्या स्क्रूने बसतो तो काही वर्षांनी ढिला होतो, ही नेहमीची गोष्ट. पण तो आवळायला त्याच मापाचा ड्रायव्हर लागतो, आणि कंपनीगणिक मापं वेगळी. पेशंट पुण्याचा, इम्प्लांट बसवलं नागपुरात, स्क्रू हलला कराडला लग्नात जेवताना. मी एक्स-रे उजेडाकडे धरून आटे मोजत कंपनी ओळखायचा प्रयत्न करतो, आणि ज्या स्टिकरने दोन मिनिटांत काम झालं असतं ते नागपूरच्या कपाटात सुखरूप असतं. माझ्या मते मोबाईलवर दुसरं काही गेलं नाही तरी चालेल, त्या स्टिकरचा फोटो गेला पाहिजे.

“फोटो तर आम्ही काढतोच की,” असं पेशंट म्हणतात, आणि खरंच काढतात. दवाखान्याच्या मॉनिटरवरच्या एक्स-रेचा, तिरका, त्यात ट्यूबलाईटचं प्रतिबिंब, आणि व्हॉट्सॲपवरून चार जणांकडे फिरून आल्यावर मुळाचं टोक म्हणजे नुसता करडा धूर. जुन्या एक्स-रे फिल्मचे फोटो त्याहून घातक. तोंडात धरायची ती फिल्म काड्यापेटीहून लहान. तिच्या कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढा एक टेंगूळ असतो. बोटाने चाचपून त्याचा फुगीर भाग आपल्याकडे ठेवायचा, म्हणजे चित्र डावीकडचं की उजवीकडचं ते कळतं. फोटोत तो टेंगूळ दिसत नाही. फिल्म उलटी धरून फोटो काढला असेल तर डावी दाढ उजवी होऊन जगभर हिंडते. चित्र मोबाईलवर आहे म्हणून नोंद मोबाईलवर आहे, असं होत नाही ते यासाठी. चित्राबरोबर दात कुठला, तारीख काय, काय केलं आणि काय राहिलं या चार ओळी हव्यातच. त्या चार ओळी नेमक्या कुणी लिहीत नाही, कारण चित्र यंत्र पाठवतं आणि ओळी माणसाला लिहाव्या लागतात.

आणि आकड्यांची गंमत गुरुजींपाशी संपत नाही. एका काकूंचा मुलगा न्यू जर्सीत असतो. त्या सहा महिने तिकडे गेल्या तेव्हा माझी नोंद त्यांच्या फोनवर होती, पुढे इलाज करायच्या दातापुढे १८ लिहिलेलं. आपल्याकडे १८ म्हणजे वरची उजवी अक्कलदाढ. अमेरिकेत दात एक ते बत्तीस सरळ मोजतात. वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून सुरुवात, वरची ओळ संपली की खाली उतरायचं आणि डावीकडून उजवीकडे परत यायचं. त्या मोजणीत १८ ही खालची डावी दुसरी मोठी दाढ. म्हणजे तोंडाच्या थेट विरुद्ध कोपऱ्यातली, आणि काकूंची ती दाढ ठणठणीत होती. सुदैवाने तिथल्या डॉक्टरीण बाई गुजराती, बडोद्याला शिकलेल्या. त्यांनी बरोबर ओळखलं. सेहेचाळीस नंबर पाहून निदान शंका तरी येते. अठरा दोन्हीकडे आहे, म्हणून अठराची भीती जास्त.

कायद्याचं म्हणाल तर पेशंटचा हक्क नवा नाही. दंत परिषदेच्या २०१४च्या आचारसंहितेप्रमाणे आम्ही नोंदी किमान तीन वर्षं ठेवायच्या आणि पेशंटने मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या. पण तीन वर्षं? चांगली केलेली रूट कॅनलची दाढ वीस वर्षं चालते आणि एकविसाव्या वर्षी बिनसते. इम्प्लांट तर माणसाबरोबरच जायचं. नोंदीचं आयुष्य दाताच्या आयुष्याहून इतकं कमी, हे मला तेव्हाही विचित्र वाटलं होतं आणि आजही वाटतं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपली माहिती पाहण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा, आपल्या पश्चात हे हक्क कुणी बजावायचे ते नेमून ठेवण्याचाही हक्क दिला. त्याचे नियम २०२५च्या नोव्हेंबरात आले, आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. कागदावर सगळं ठीक आहे.

सरकारी बाजूने जे सुरू आहे ते ‘आभा’. १५ ऑगस्ट २०२०ला केंद्रशासित प्रदेशांत प्रयोग म्हणून सुरू झालेलं अभियान २७ सप्टेंबर २०२१ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन या नावाने देशभर आलं. प्रत्येकाला चौदा आकडी आभा क्रमांक, मोबाईलवर ॲप, आणि दवाखाने जोडले गेले की तिथल्या नोंदी त्या ॲपमध्ये दिसायच्या. दुसऱ्या डॉक्टरला त्या बघायच्या असतील तर तुमच्या फोनवर विनंती येते: कोण मागतंय, कशासाठी, कुठल्या काळातल्या, किती दिवसांपुरत्या. हो म्हटलंत तरच उघडतात, आणि दिलेली संमती मागे घेता येते. रचना विचारपूर्वक केलेली आहे, हे मी मोकळेपणाने म्हणतो. पण आमच्या काउंटरवर ती अशी येते: “मावशी, मोबाईलवर ओटीपी आला असेल, सांगा.” मावशी पदर सावरून म्हणतात, “बँकेतल्या सायबानं सांगितलंय, ओटीपी कुणाला द्यायचा न्हाई.” बरोबरच आहे त्यांचं. दुसरा प्रश्न ठरलेला: “ह्या कार्डावर कवळी फुकट बसती का?” पाच लाखांच्या आयुष्मान कार्डाशी त्याची गल्लत होते. आभा हा नुसता नोंदींचा पत्ता आहे, त्यात पैसे नाहीत, हे सांगितलं की निम्मी उत्सुकता ओसरते. दातांचा खर्च बहुतेक माणसं खिशातूनच करतात. विम्याच्या दाव्यासाठी तरी कागद लागतो म्हणून हॉस्पिटलं नोंदी नीट ठेवतात, आमच्या धंद्यात तेवढाही धाक नाही.

या रचनेतली एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. नोंदी दिल्लीत कुठल्या एका मोठ्या संगणकात जमा होत नाहीत. त्या जिथे तयार झाल्या तिथेच राहतात. ॲप फक्त तिथवर वाट दाखवतं. खासगीपणाच्या दृष्टीने हे चांगलंच. सातबारा घरबसल्या निघतो कारण त्यामागे तलाठ्याचं दप्तर आणि सरकार कायम आहे. दाताचा दवाखाना कायम नसतो. एका डॉक्टरचा, एका खुर्चीचा गाळा; डॉक्टर थकला, वारला, मुलाकडे बंगलोरला गेला की शटर खाली. सॉफ्टवेअरची वर्गणी थांबली की त्या वाटेच्या टोकाला काहीच उरत नाही. म्हणून मी पेशंटना सांगतो, लिंकवर राहू नका, फाईल उतरवून आपल्याजवळ ठेवा. आणि सॉफ्टवेअर घेताना मी त्या विकणाऱ्या पोराला एकच प्रश्न धरून विचारला: सगळ्या पेशंटच्या नोंदी, चित्रांसकट, एका दमात बाहेर काढता येतील का? त्याने कंपनीला फोन लावला. कंपनीने सांगितलं की ती सोय ‘वरच्या प्लॅन’मध्ये आहे. आम्ही दुसरी कंपनी बघितली.

उलट दिशेने येणाऱ्या नोंदींचं महत्त्व मला त्याहून जास्त वाटतं. साठीच्या पुढच्या बाई दाढ काढायला येतात. औषधं? “बीपीची एक गोळी.” आणखी? “काही नाही.” मग मुलगी आठवून सांगते, वर्षातून एकदा हाडांचं इंजेक्शन देतात सांगलीला. माझा हात तिथेच थांबतो. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून जी औषधं देतात त्यातल्या काहींमुळे दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून येत नाही, उघडं पडून कुजतं, हे २००३पासून जगाला माहीत आहे. होतं फार थोड्यांना, पण झालं तर महिनोन्महिने निस्तरत बसावं लागतं. बाईंनी लपवलं नव्हतं. वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन हे त्यांच्या लेखी औषधच नव्हतं. रक्त पातळ करायच्या गोळीचंही असंच, ती ‘हृदयाची’ असते, दाताला ती कशाला सांगायची? अशा वेळी सांगलीच्या डॉक्टरची नोंद त्यांच्या फोनवर असती तर मुलीच्या आठवणीवर हवाला ठेवावा लागला नसता.

दातांच्या नोंदींचा आणखी एक उपयोग असतो, तो पेशंटला सांगायचा नसतो. अपघातात, आगीत माणसाची ओळख पटवायची तर बोटांचे ठसे, डीएनए आणि दात हे तीन मुख्य आधार. २००४च्या त्सुनामीनंतर थायलंडच्या किनाऱ्यावर युरोपातल्या पर्यटकांची ओळख मोठ्या प्रमाणावर त्यांच्या गावच्या डेंटिस्टकडच्या नोंदींवरून पटली. तिथल्या स्थानिकांच्या अशा नोंदीच फारशा नव्हत्या. आपल्याकडे काय झालं असतं ते सांगायला नको.

आता ज्याने मला खरंच अडवून धरलं त्याबद्दल. माझ्या जुन्या केसपेपरला डाव्या बाजूला समास आहे. नोंद मधे, आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात माझ्यापुरतं काहीतरी. ‘इंजेक्शनला फार भितो, बोलत राहणे.’ ‘ऊसबिल मिळाल्यावर कॅप.’ ‘सासूसमोर मिश्रीचा विषय नको.’ माझ्या मते निम्मा इलाज या समासात आहे. सहकारी म्हणाली, सॉफ्टवेअरमध्ये ‘इतर’ असा रकाना आहे, त्यात टाकते. मी म्हटलं, तो रकाना पेशंटच्या फोनवर जातो का? जातो. मग नको. ती म्हणाली, पेशंटबद्दल लिहिलेलं पेशंटने वाचू नये असं असेल तर ते मुळात लिहूच नये. तिचं म्हणणं खोडून काढता येत नाही, आणि तरी मला ते पुरतं पटत नाही. ‘भितो’ हे त्याने वाचलं तर कदाचित हसेल. सासूचं वाक्य कुणी वाचलं तर घरात आग लागेल.

कारण फोन कुणाचा, हा प्रश्न आहे. आमच्याकडे पाटण भागातल्या कितीतरी बायका पहाटे उठल्या की पहिली मिश्री लावतात. तव्यावर तंबाखू जाळून केलेली ती काळी पूड, दात घासायच्या नावाखाली हिरडीत धरायची. व्यसन आहे हे त्यांना माहीत असतं, घरच्यांना माहीत असतं, आणि तरी उघड बोलायचं नसतं. गालाच्या आतल्या कातडीला पांढरा चट्टा दिसला की मला मिश्रीची नोंद करावीच लागते. तो चट्टा पुढच्या वेळी वाढलाय का हे बघायचं असतं. क्वचित त्याचा कॅन्सर होतो. ही नोंद जाते बाईच्या नावाने, पण त्या नावापुढे नंबर असतो मुलाचा नाहीतर नवऱ्याचा. ‘पेशंटच्या हातात तिची माहिती’ असं आपण म्हणतो, आणि ती माहिती ओसरीवर बसलेल्या दुसऱ्याच माणसाच्या खिशात वाजते. कुटुंबाचा एकच नंबर चालवणाऱ्या घरात याला तांत्रिक तोडगा मला तरी दिसत नाही. आम्ही साधा मार्ग काढला. अशी नोंद करताना सोबतच्यांना बाहेर बसवायचं, बाईला वाचून दाखवायचं आणि विचारायचं, हे मोबाईलवर पाठवू का? ती नको म्हणाली तर छापील कागद घडी घालून तिच्या हातात, फोनवर फक्त पुढची तारीख. तसं करायला वेळ जातो. खोळंबलेले पेशंट कुरकुरतात.

बहुतेक जणी नको म्हणतात. ढेबेवाडीच्या एक मावशी मात्र पट्कन म्हणाल्या, “पाठवा की. सुन्याला कळू दे आईच्या गालाला काय झालंय. पर मग त्यो गुटखा खातोय ते बी माझ्या मोबाईलवर पाठवा.” मी म्हटलं, मावशी, तुमच्याकडे मोबाईल कुठाय? “तेच की,” त्या म्हणाल्या, “त्यालाच सांगा घ्यायला.”

दरम्यान जुन्या कपाटांचं काम चालू आहे. सहकारी सगळं स्कॅन करायला निघाली होती. मी तिला इम्प्लांटची स्टिकरं, रूट कॅनलचे आकडे आणि संशयाचे चट्टे एवढ्यावर आणलं. समासातली पेन्सिल स्कॅनमध्ये येऊ नये म्हणून ती कागदाची डावी कड दुमडून घेते, आणि ते काय होतं ते मला तोंडी विचारून स्वतःच्या डायरीत लिहिते. त्यावर आमचं भांडण अजून मिटलेलं नाही. उरलेले केसपेपर रद्दीवाल्याला द्यायचे नाहीत, ते दवाखान्यातच फाडतो. ओपीजीच्या, म्हणजे सगळ्या जबड्याच्या एक्स-रेच्या, मोठ्या फिल्म मात्र पेशंटना फोन करून न्यायला सांगायच्या असं ठरलं. निम्मे नंबर लागत नाहीत, कारण ते जुन्या लँडलाईनचे आहेत. जे लागतात त्यातला दर दुसरा माणूस आधी घाबरून विचारतो, “डॉक्टर, माझं काही बिल राहिलंय का?”